पत्ता सांगणारे सर्व्हर आणि त्यांची तपासणी

एखादे संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा त्यामागे निदान चार निरनिराळी कारणे असू शकतात: घरातल्या किंवा कार्यालयातल्या राउटरपासून सेवापुरवठादारापर्यंतची लाइन तुटलेली असते, नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा उत्तर देत नसते, ते संकेतस्थळ ज्या संगणकावर ठेवलेले आहे तो बंद किंवा गर्दीने हैराण झालेला असतो, नाहीतर वाटेत कोणीतरी मुद्दाम अडसर घातलेला असतो. रायगड जिल्ह्यातील माणगावसारख्या तालुक्याच्या गावी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचा निकाल अशी कितीतरी कामे आता पडद्यावरून होतात आणि तिथे या चारही बिघाडांना ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे एकच उत्तर मिळून माणूस उद्या यायचे ठरवून परत फिरतो. यांपैकी दुसरे कारण, म्हणजे पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचा बिघाड, ओळखायला सर्वांत सोपे असून बहुधा ग्राहकाला स्वतःच दुरुस्त करता येण्यासारखे असते. तरीही तेच सर्वांत कमी तपासले जाते.

या यंत्रणेला डोमेन नेम सिस्टीम किंवा थोडक्यात डीएनएस म्हणतात. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता असे नाव आहे आणि संगणक एकमेकांना त्याच पत्त्याने ओळखतात. माणसे मात्र नावे लक्षात ठेवतात. नाव आणि पत्ता यांची जोडी लावण्याचे काम सुरुवातीला अगदी घरगुती पद्धतीने चाले. अमेरिकेत मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या विभागाकडे सर्व संगणकांच्या नावांची एकच यादी असे आणि जगातील बाकीचे संगणक ती यादी अधूनमधून उतरवून घेत. जाळे वाढले तशी ती यादी कोणालाच आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी अशी रचना मांडली की संपूर्ण यादी कोणाकडेच नसेल, पण प्रत्येकाला पुढचा माणूस कोण हे ठाऊक असेल. १९८७ साली तिला मिळालेले सुधारित स्वरूप आजही मूलतः तसेच चालू आहे.

माणगाव तालुक्यातच मुंबई–गोवा महामार्गालगत लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. २०१४ च्या कायद्यानंतर राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला संलग्न होऊ लागली, त्यामुळे लोणेऱ्याचे संकेतस्थळ नागपूर-नांदेडकडचा विद्यार्थीही उघडत असतो. त्याचे नाव ‘डीबीएटीयू डॉट एसी डॉट इन’ असे आहे आणि डीएनएस ते उजवीकडून डावीकडे वाचते. प्रथम मूळ सर्व्हरांना, म्हणजे रूट सर्व्हरांना, ‘इन’ हा शेपटीचा भाग कोणाच्या ताब्यात आहे असे विचारले जाते. भारताचा हा ‘इन’ विभाग २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आहे. त्याआधी त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतून चाले. शैक्षणिक संस्थांसाठी राखलेल्या ‘एसी डॉट इन’ची नोंदणी अर्नेट इंडिया करते. या पायऱ्या उतरल्यावर शेवटी विद्यापीठाच्या नावाची अधिकृत नोंद ज्या सर्व्हरवर आहे त्याचा ठाव लागतो, तो आकडी पत्ता देतो आणि त्यानंतरच पान उघडण्याचे खरे काम सुरू होते. मूळ सर्व्हरांची नावे ‘ए’पासून ‘एम’पर्यंत तेराच असली तरी त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या असून त्यांपैकी काही मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथे आहेत, त्यामुळे माणगावहून निघालेल्या प्रश्नाला पहिल्याच पायरीसाठी समुद्र ओलांडावा लागतो असे नाही.

हे सारे पायऱ्या-पायऱ्यांचे काम ग्राहकाचा संगणक स्वतः करत नाही. त्यासाठी तो एका मध्यस्थाला विचारतो. तांत्रिक भाषेत त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. हा मध्यस्थ सगळी विचारपूस करून उत्तर आणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा खेप पडू नये म्हणून ते काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतो. नवी जोडणी घेतल्यावर कोणी काहीच बदलले नाही तर हे मध्यस्थाचे काम सेवापुरवठादाराचा सर्व्हर करतो. याउलट, कोणाचेही ग्राहक नसताना जगातील कोणीही ज्याला प्रश्न विचारू शकतो तो सार्वजनिक डीएनएस सर्व्हर. अशी सेवा लोकप्रिय करण्याची सुरुवात २००६ मध्ये ओपनडीएनएसने केली. डिसेंबर २००९ मध्ये गुगलने ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे पत्ते खुले केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ९.९.९.९ या पत्त्यावर क्वाड नाइन आले, जे घातक म्हणून ओळखल्या गेलेल्या नावांचा पत्ताच देत नाही. आणि १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ सुरू केले. एप्रिलच्या पहिल्या तारखेला आल्यामुळे अनेकांना ती आधी थट्टाच वाटली. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा १.१०.१०.१० हा सर्व्हर वेगळ्या हेतूचा आहे. सरकारी कार्यालयांतील संगणकांनी तोच वापरावा अशी सूचना असल्याने तहसील कचेरीतल्या यंत्रावर कोणी परस्पर दुसरे आकडे भरणे उचित नाही.

एकाच पत्त्यावर जगभरातील कोट्यवधी प्रश्न जातात, तरी तो पत्ता म्हणजे एकच यंत्र नव्हे. ‘एनीकास्ट’ नावाच्या पद्धतीत तोच पत्ता अनेक शहरांतील यंत्रे एकाच वेळी जाहीर करतात आणि जाळ्यातले मार्गदर्शक राउटर प्रश्नाला त्यांच्या हिशेबाने जवळच्या यंत्राकडे वळवतात. गुगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांचीही अशी यंत्रे मुंबईत आहेत. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि माणगाव ते मुंबई हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे केवळ अंतर पाहिले तर जाण्यायेण्याला दीड-दोन मिलिसेकंद पुरावेत. राउटर, मोबाइलचा मनोरा, वळसे यांचा वेळ धरून प्रत्यक्षात दहा ते चाळीस मिलिसेकंद लागले तर त्यात वावगे काही नाही. दीडशे-दोनशे मिलिसेकंद नेहमीच लागत असतील, तर मात्र लाइनवर गर्दी आहे किंवा प्रश्न मुंबईत न थांबता दूरच्या देशात जाऊन येत आहे असे समजावे. सेवापुरवठादाराने मार्ग कसा निवडला आहे यावर ते अवलंबून असल्यामुळे एकाच गल्लीतील दोन घरांना एकाच सर्व्हरचा वेगवेगळा अनुभव येऊ शकतो. कोणता सर्व्हर ‘सर्वांत वेगवान’ हे सांगणाऱ्या तयार याद्या म्हणूनच फारशा कामाच्या नसतात. मोजमाप आपल्याच जागेवरून करावे लागते.

तपासणीची पहिली पायरी म्हणजे लाइन आणि डीएनएस यांना वेगळे करणे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव या भागात विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज आणि फोन दोन्ही बंद राहिले. अशा वेळी मुंबईतील पत्ता शोधणारी यंत्रे व्यवस्थित चालू असतात, पण त्यांच्यापर्यंत जाण्याचा रस्ताच नसतो आणि फोनमध्ये कोणतेही आकडे भरले तरी काही उपयोग होत नाही. याच्या नेमकी उलट स्थितीही येते: आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल सुरळीत असतो, व्हॉट्सॲपचे संदेशही जात असतात, पण नवे पान एकही उघडत नाही. चालू कॉलला पत्ता आधीच मिळालेला असतो, त्याला पुन्हा विचारावे लागत नाही. नव्या पानाला विचारावे लागते आणि उत्तर येत नाही. रेल्वे स्थानकावरची चौकशीची खिडकी बंद असली म्हणून गाडी रद्द होत नाही, फक्त नवख्या प्रवाशाला फलाट सापडत नाही, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्यक्ष चौकशीसाठी विंडोज संगणकात ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा आधीपासूनच असते. लिनक्स आणि मॅक वापरणारे ‘डिग’ ही अधिक तपशील देणारी आज्ञा पसंत करतात. ‘एनएसलुकअप’पुढे संकेतस्थळाचे नाव आणि त्यापुढे एक जागा सोडून ज्या सर्व्हरला विचारायचे त्याचा पत्ता लिहिला की नेमक्या त्याच सर्व्हरला प्रश्न जातो. पत्ता लिहिला नाही तर संगणकात ठरवून ठेवलेल्या सर्व्हरला जातो. उत्तराच्या पहिल्या दोन ओळींत उत्तर कोणी दिले ते लिहिलेले असते आणि बहुतेक घरांत तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो घरच्या राउटरचा असतो. राउटर स्वतः काही शोधत नाही, तो प्रश्न पुढे ढकलतो. म्हणून कित्येकदा जगातले सर्व डीएनएस सर्व्हर ठीक असतात आणि दोष कोपऱ्यात तापलेल्या त्या छोट्या डब्यात असतो. ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ ही ओळ पाहून पुष्कळ जण दचकतात, परंतु तिचा अर्थ इतकाच की उत्तर मूळ नोंद ठेवणाऱ्याने नव्हे तर मध्यस्थाने दिले आहे. मध्यस्थाचे कामच ते असल्यामुळे त्यात बिघाड नाही.

उत्तर आले नाही तर ते कशा प्रकारे आले नाही यात सारे निदान असते. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे ठरलेल्या वेळेत, विंडोजमध्ये सहसा दोन सेकंदांत, काहीच परत आले नाही: सर्व्हर बंद आहे, वाट अडलेली आहे किंवा लाइनच गेलेली आहे. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे सर्व्हर जागा आहे, त्याने शोधही घेतला, पण असे नावच अस्तित्वात नाही असे तो सांगतो. इथे आधी स्पेलिंग तपासावे, कारण दहातली बरीच प्रकरणे तिथेच संपतात. ‘सर्व्हफेल’ म्हणजे सर्व्हरने प्रयत्न केला, परंतु पुढच्या कोणाकडून तरी त्याला विश्वासार्ह उत्तर मिळाले नाही. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे तो अनोळखी ग्राहकाला उत्तर देत नाही. दुसऱ्या सेवापुरवठादाराच्या खासगी सर्व्हरचा पत्ता कोणीतरी ऐकीव माहितीवर भरून ठेवला की हे उत्तर येते. पहिला प्रकार सोडला तर बाकी तिन्हींत सर्व्हर चालू आहे. नकार देणारा सर्व्हर बंद नसतो, ही साधी गोष्ट तक्रार नोंदवताना विसरली जाते.

सर्व्हर चालू आहे का हे पाहण्यासाठी लोक सर्रास ‘पिंग’ ही आज्ञा वापरतात आणि तिथे फसतात. पिंग फक्त त्या पत्त्यावरचे यंत्र हाकेला ओ देते का एवढेच पाहते. डीएनएसचे प्रश्न मात्र ५३ क्रमांकाच्या दारातून, म्हणजे पोर्टमधून, आत जातात आणि ते दार बंद असतानाही यंत्र पिंगला उत्तर देऊ शकते. उलट काही सर्व्हर पिंगकडे दुर्लक्ष करतात आणि नावांचे प्रश्न मात्र बिनचूक सोडवतात. डीएनएसची परीक्षा प्रश्न विचारूनच होते आणि तीही एका नावावर नव्हे. एखादे प्रसिद्ध नाव, एखादे कमी वापरातले नाव आणि मुद्दाम रचलेले, अस्तित्वात नसलेले नाव असे तीन प्रश्न विचारावेत. प्रसिद्ध नावाचे उत्तर साठवणीतून लगेच येते, कमी वापरातल्या नावासाठी सर्व्हरला खरोखर फिरून यावे लागते आणि खोट्या नावाला ‘एनएक्सडोमेन’ हेच उत्तर यायला हवे. त्या खोट्या नावालाही एखादा पत्ता मिळाला, तर मधले कोणीतरी उत्तर बदलून ग्राहकाला आपल्या जाहिरातीच्या पानाकडे नेत आहे असे समजण्यास हरकत नाही.

याहून एक बारीक फसवणूक संभवते. काही जाळ्यांत ५३ क्रमांकाच्या दारातून बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न, तो कोणत्याही सर्व्हरच्या नावे असो, वाटेतच उचलून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवला जातो. ग्राहकाला वाटते गुगलने उत्तर दिले, प्रत्यक्षात दिलेले असते दुसऱ्यानेच. हे पकडण्याची युक्ती मजेशीर आहे. १९२.०.२.१ हा पत्ता केवळ पुस्तकांतील उदाहरणांसाठी राखून ठेवलेला असून त्यावर कोणताही सर्व्हर असू शकत नाही, म्हणून त्याला प्रश्न विचारला असता उत्तर येता कामा नये. आलेच, तर वाटेत कोणीतरी बसलेला आहे. १.१.१.१ या पत्त्याची अडचण निराळी: पूर्वी तो कोणी वापरत नसे, त्यामुळे अनेक उपकरणांत तो आतल्या कामासाठी परस्पर वापरला गेला आणि आजही लॉज किंवा हॉटेलच्या वायफायवर त्या पत्त्याला हाक दिली तर क्वचित तिथलेच लॉगइनचे पान समोर येते.

दोन सर्व्हरांनी एकाच नावाला दोन वेगळे पत्ते दिले म्हणजे एक खोटा असे मानण्याची घाई करू नये. मोठी संकेतस्थळे आपला मजकूर अनेक शहरांत ठेवतात आणि विचारणारा जिथला दिसतो त्याच्या जवळचा पत्ता देतात. परंतु एका सर्व्हरकडून ‘सर्व्हफेल’ आणि दुसऱ्याकडून व्यवस्थित पत्ता आला, तर संशय डीएनएसेकवर जातो. नोंद खरी आहे हे पटवणाऱ्या अंकीय सहीच्या पद्धतीला हे नाव असून २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी मध्यस्थाच्या साठवणीत खोटे पत्ते किती सहज पेरता येतात हे दाखवल्यावर तिला वेग आला आणि जुलै २०१० मध्ये मूळ सर्व्हरांच्या नोंदीही सहीबद्ध झाल्या. सही तपासणारा सर्व्हर मुदत संपलेली सही दिसताच उत्तर नाकारतो, न तपासणारा निमूटपणे देतो; म्हणजे इथे नकार देणारा सर्व्हरच अधिक चोख असतो आणि चूक संकेतस्थळ चालवणाऱ्याची असते. तिसरी शक्यता सरकारी किंवा न्यायालयीन बंदीची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने एखादे नाव रोखायचे असेल तर पुष्कळ सेवापुरवठादार ते आपल्या डीएनएस सर्व्हरमध्येच रोखतात आणि मग तेच नाव सार्वजनिक सर्व्हरला विचारले असता पत्ता मिळतो. हा फरक दिसला म्हणून सेवापुरवठादाराचा सर्व्हर बिघडला असे होत नाही.

साठवणीमुळेही गोंधळ होतो. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद साठवावे हा आकडा येतो, त्याला टीटीएल म्हणतात. संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलवले की जुना पत्ता ज्यांच्या साठवणीत आहे त्यांना तो आकडा संपेपर्यंत जुन्याच दारात जावे लागते आणि म्हणून एकाच्या फोनवर पान उघडते, शेजारच्याच्या उघडत नाही. विंडोजमधील ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञेने आपल्या संगणकातली साठवण पुसता येते, सर्व्हरमधली नाही.

या सगळ्या भेदांची मोठी परीक्षा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, तिच्या अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरांनी आपला मार्गच जाळ्यातून मागे घेतला आणि सार्वजनिक सर्व्हर ‘सर्व्हफेल’ देऊ लागले. त्या रात्री असंख्य लोकांनी डीएनएसचे आकडे बदलून पाहिले, पण कोणताही मध्यस्थ उपयोगी पडणार नव्हता, कारण ज्याला विचारायचे तोच गायब होता. फोनमधली ॲप पुन्हा पुन्हा प्रश्न विचारत राहिल्याने क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर त्या नावांचे प्रश्न नेहमीच्या तीसपट झाले होते. सर्व सर्व्हरांकडून एकाच नावाला नकार आणि बाकीच्या नावांना उत्तर मिळत असेल, तर दोष त्या नावाच्या मालकाकडे आहे एवढे तरी निश्चित होते.

उलटा प्रसंग १५ जुलै २०२५ च्या पहाटेचा. भारतीय वेळेनुसार तीन वाजून बावीस मिनिटांनी १.१.१.१ हा पत्ताच जगाच्या नकाशावरून नाहीसा झाला आणि तासाभराने परतला. हल्ला वगैरे काही नव्हता; जूनमध्ये मांडणीत शिरलेली एक चूक जुलैमधल्या दुसऱ्या बदलाने जागी झाली आणि यंत्रांनी तो पत्ता जाहीर करणे थांबवले. त्या तासात संकेतस्थळे सगळी चालू होती, ग्राहकांच्या लाइनी चालू होत्या, फक्त विचारायला कोणी नव्हते. लक्षात घेण्यासारखे हे की ज्यांनी पहिला सर्व्हर १.१.१.१ आणि दुसरा त्याच संस्थेचा १.०.०.१ असा भरला होता त्यांचे दोन्ही एकदमच गेले, तर जे फोन आणि ब्राउझर त्याच संस्थेला पत्त्याने नव्हे तर नावाने आणि ४४३ क्रमांकाच्या दारातून, म्हणजे गुप्त केलेल्या मार्गाने, प्रश्न विचारत होते त्यांचे काम बरेचसे चालू राहिले.

असा गुप्त मार्ग निवडण्याचे दुसरेही कारण आहे. साधा डीएनएस प्रश्न उघड्यावर जातो आणि कोणत्या घरातून कोणते संकेतस्थळ केव्हा विचारले गेले हे वाटेतल्या कोणालाही वाचता येते. प्रश्न गुप्त केला तर वाटेतल्यांना ते दिसत नाही, पण ज्याला विचारले त्याला दिसतेच. म्हणजे सर्व्हर बदलल्याने माहिती लपत नाही, ती दुसऱ्याच्या हाती जाते, आणि मुंबईच्या सेवापुरवठादारावर विश्वास ठेवायचा की कॅलिफोर्नियातील कंपनीवर हा प्रश्न शिल्लक राहतो. वेगासाठी सर्व्हर बदलण्याचा सल्ला देणारे हा भाग सहसा सांगत नाहीत.

राउटरमध्ये दोन सर्व्हर भरण्याची सोय असते. ते दोन वेगळ्या संस्थांचे असावेत. अँड्रॉइड फोनमध्ये २०१८ मधल्या नवव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ अशी जागा आहे, तिथे मात्र एकच नाव भरता येते. जाहिराती बंद करण्यासाठी कोणीतरी सुचवलेले नाव तिथे भरले जाते, पुढे ती सेवा बंद पडते आणि पूर्ण रेंज असताना फोनवर काहीच उघडत नाही. दुकानात दुरुस्तीला आलेल्या अशा फोनमध्ये ती जागा पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की काम भागते.